जळक्या वाशांचा वास

श्रावण निम्मा सरला की मी पुण्यात असूनही एकदा तरी हात नाकाशी नेतो. हातांना लिंबाच्या सालीचा आणि ग्लास पुसायच्या ओल्या कापडाचा वास असतो. मी एका मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये काम करतो. परदेशी दारू ओळखायची, पाहुण्यांना चाखवायची आणि तिच्याबद्दल चार बरे शब्द सांगायचे, ही माझी नोकरी. पण या दिवसांत माझं नाक शोधत असतं तो वास वेगळा असतो, कुजलेल्या केकताडाचा. तो हाताला येत नाही म्हणून बरं वाटतं, आणि बरं वाटलं याची लगेच लाज वाटते.

केकताड म्हणजे घायपात. आमच्याकडे बांधाला, नाल्याच्या काठाला, वाशिमच्या रेल्वे रुळांच्या कडेला ते कुणी न लावता उगवतं. तलवारीसारखी जाड पानं, टोकाला काळा काटा. आमचं गाव वाशिमकडच्या अनसिंगपासून पायी तासाभरावर. गावात दोर वळणारी दोनच घरं, त्यातलं एक आमचं. नाल्याला पाणी आलं की बाबा विळा घेऊन निघायचे. पानं कापायची, काटे छाटायचे, भारे बांधून डोहात दगडाखाली दाबून ठेवायचे. दोन आठवड्यांत पानं कुजून मऊ पडत. मग ती बाहेर काढून दगडावर बडवायची, धुवायची, की आतून पांढराशुभ्र वाख निघे, म्हाताऱ्या बाईच्या केसांसारखा. त्या वाखाचे कासरे, दावी, वेसणी वळायच्या. पोळा जवळ आला की गाव बैलांना नवं दावं घ्यायला यायचं, आणि ते पंधरा दिवस आमच्या घरात कुणी नीट जेवत नसे.

वाख पांढरा निघतो, पण वास काळा असतो. तो केसांत, अंथरुणात, शाळेच्या दप्तरात जाऊन बसतो. पानांच्या रसानं हातापायांना अशी खाज सुटते की माय संध्याकाळी चुलीजवळ बसून खोबरेल लावायची, आधी बाबांच्या बोटांना, मग माझ्या, स्वतःच्या सगळ्यात शेवटी. श्रावणात शाळेत माझ्या बाकावर मी एकटा असायचो. गुरुजींनी कुणाला तिथून उठवलं नव्हतं. पोरं आपापली उठली होती.

पुण्यात हॉटेलच्या कामाचा कोर्स करताना एकदा आम्हाला पडद्यावर एक शेत दाखवलं. मैलोन्‌मैल निळसर केकताड. मी खुर्चीत ताठ झालो. शिकवणारे सर सांगत होते की मेक्सिकोत टकिला नावाची दारू होते ती या झाडापासून. तिथली जात वेगळी, पण घराणं आपल्या घायपाताचंच. गंमत अशी की ते लोक पानं छाटून फेकून देतात आणि मधला गड्डा भट्टीत भाजतात. आम्ही पानं आणतो आणि गड्डा बांधावरच सोडतो. सरांनी विचारलं, हे झाड कुणी जवळून पाहिलंय का? वर्गात आम्ही तीसेक मुलं होतो. मी हात वर केला नाही.

टकिला साधी असते तेव्हा पाण्यासारखी पारदर्शक आणि तिखट. पण तीच ओकच्या लाकडाच्या पिंपात वर्ष-दोन वर्षं ठेवली तर वेगळी होऊन बाहेर येते. हे पिंप भरण्याआधी आतून जाळतात, लाकडाचा आतला थर कोळशासारखा काळा होईपर्यंत. दारू त्या जळक्या भिंतींना लागून पडून राहते, उन्हाळ्यात लाकडात शिरते, थंडीत परत येते, आणि येताना रंग, गोडी, धूर घेऊन येते. पहिल्या घोटाला भाजलेल्या रताळ्यासारखी लागते. मग पुरण शिजताना बुडाशी थोडं लागतं ना, त्या करपलेल्या गोडीची चव जिभेच्या कडांना येते. दालचिनीचा एक चिमटा बसतो. आणि गिळून झाल्यावर, सगळं संपलं असं वाटत असताना, घशात काहीतरी उरतं, कडू, थंड, ओलसर. त्या शेवटच्या चवीला शब्द मला कधी सापडला नव्हता. खरं तर मी शोधलाच नव्हता. मी पाहुण्यांना सांगायचो, व्हॅनिला, कॅरॅमल, धूर. पुस्तकात तेवढंच होतं.

नोकरीच्या मुलाखतीत मला वडिलांचा व्यवसाय विचारला. मी म्हणालो, शेती. खोटं बोलायचं ठरवून गेलो नव्हतो. समोरच्यांनी तोच शब्द अपेक्षेनं माझ्याकडे सरकवल्यासारखा वाटला आणि मी तो उचलला. पुढे सोबतचे लोक गावाकडच्या गोष्टी करत तेव्हा त्या शेतात सोयाबीन आलं, तूर आली, एक विहीर आली. आमच्याकडे बांध होते ते दुसऱ्यांचे, आणि त्यांच्यावरचं केकताड कुणाचंच नव्हतं.

आता मला त्या श्रावणाबद्दल सांगायचंय ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं.

एका कंपनीनं परदेशातून आणलेल्या टकिला आमच्या हॉटेलात पाहुण्यांना चाखवायचं ठरवलं. बारचे मॅनेजर नीरज सर हौशी माणूस. त्यांनी सजावटीला दोन जुनी पिंपं आणली आणि त्यांना गुंडाळायला, टेबलांवर सोडायला खरखरीत, खरा दोर हवा म्हणाले. बाजारातला नायलॉनचा दोर त्यांना खोटा वाटत होता. माझ्या तोंडून निघून गेलं की याच झाडाच्या वाखाचा दोर आमच्या गावाकडे मिळतो. सर हरखले. कोण बनवतं, विचारलं. मी म्हणालो, एक माणूस आहे.

त्या एका माणसाला मी दुपारी फोन केला. बाबांनी आधी विचारलं, जेवला का? मग विचारलं, किती वाव पाहिजे? वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होतं तेवढं माप. मी चाळीस वाव म्हणालो. पोळा तोंडावर, तरी त्यांनी बाकीचं काम मागे टाकलं. मायनं नंतर सांगितलं, वाख तीनतीनदा धुतला, एकही काळा धागा ठेवला नाही, पोराच्या हॉटेलात जाणार म्हणून. मी त्यांना दोर ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकून पाठवायला सांगितलं होतं, मी उतरवून घेईन म्हणून. त्यांनी हो म्हटलं आणि दोराबरोबर स्वतःच गाडीत बसले.

सकाळी अकराच्या सुमारास मागच्या गेटवरून फोन आला की दोरवाला आलाय. नीरज सरांनाही उत्सुकता होती, तेही माझ्याबरोबर खाली उतरले. गेटच्या आत भिंतीला टेकून बाबा उभे होते. धुतलेला सदरा, टोपी, दोन्ही खांद्यांवर दोराची वेटोळी. मी काळ्या जाकिटात होतो. त्या कपड्यांत त्यांनी मला आधी पाहिलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला, माझं नाव घ्यायला तोंड उघडलं. मी त्याआधी बोललो.

"आलात का? प्रवास नीट झाला ना?"

माझ्या बापाशी मी पहिल्यांदाच पुण्याच्या मराठीत बोललो होतो, पाहुण्यांशी बोलतो त्या आवाजात. आणि लगेच सरांकडे वळून म्हणालो, "सर, हेच ते दोरवाले."

बाबांनी उघडलेलं तोंड मिटलं. एवढंच झालं. दुसरं काही त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं नाही, किंवा मी पाहिलं नाही. त्यांनी खांद्यावरची वेटोळी उतरवून माझ्यासमोर ठेवली.

"घ्या साहेब. पाहून घ्या. पीळ कुठी ढिला असन तं सांगा."

हे ते मला म्हणाले. मी खाली वाकलो, दोराचा पीळ पाहिला, चांगला आहे म्हणालो.

वर बारमध्ये कंपनीच्या बाई बाटल्या मांडत होत्या. याच झाडाचं काम करणारा माणूस आलाय हे ऐकून त्यांनी बाबांना वर बोलवायला सांगितलं. बाबांनी दाराशी चपला काढल्या. गालिच्यावर चपला काढायची गरज नसते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं. मी त्या चपला पाहत उभा राहिलो, टाचेशी झिजलेल्या, वाशिमच्या बाजारातून मीच मागल्या वर्षी घेऊन दिलेल्या.

बाईंनी प्रेमानं विचारपूस केली. या झाडाची दारू होते हे ऐकून बाबांना खरंच नवल वाटलं. बाईंनी दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली, एक पांढरी, एक पिंपातली. बाबा म्हणाले, "मी पेत नाई बाई." बाई म्हणाल्या, पिऊ नका, नुसता वास घेऊन पाहा.

बाबांनी पहिला ग्लास नाकाशी नेला आणि लगेच म्हणाले, हे कच्चं आहे, पान कापल्यावर विळ्याला येतो तसा वास आहे. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पांढऱ्या टकिलाबद्दल आम्ही तास तास बोलतो, आणि यापेक्षा जास्त काही सांगत नाही. मग बाबांनी दुसरा ग्लास घेतला. बराच वेळ घेतला. डोळे मिटले. ग्लास धरलेली त्यांची बोटं मला दिसत होती, चिरलेली, नखांच्या कडांना पांढरी पडलेली.

"हे भाजलं, मंग आंबलं," ते म्हणाले. "मंग जळक्या लाकडाच्या घरात राह्यलं. आमचं घर जळलं होतं ना, तवा..."

ते थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही. पण 'आमचं' हा शब्द त्यांनी मागे घेतला.

"माहं घर जळलं होतं बाई. वासे वरून जळले, आतून चांगले होते. मी तेच परत घातले. पाऊस आला का त्या वाशायचा असा वास येत होता. अस्साच."

घर जळलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. अंगणात रचलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, गंजीनं पेट घेतला आणि छप्पर गेलं. माणसं वाचली. नवीन लाकूड आणणं शक्य नव्हतं. बाबांनी वाशांवरचा सुटा कोळसा विळ्यानं खरवडला आणि तेच वासे पुन्हा चढवले. सातवीपर्यंत मी त्या काळ्या वाशांखाली झोपलो. पाऊस लागला की वरून तो वास उतरायचा, कडू, थंड, ओलसर. आणि तीच चव मी शेकडो वेळा जिभेवर घेऊन व्हॅनिला म्हणत आलो होतो. मला ती ओळखता आली नव्हती असं आजही मी स्वतःला सांगतो. खरं असेलही. ओळख द्यायची नाही अशी सवय लागली की जीभसुद्धा ती सवय उचलते.

बाईंनी ते सगळं वहीत लिहून घेतलं. नीरज सरांनी बाबांची पाठ थोपटली. चारच्या गाडीला बाबा निघाले. मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो. गेटवरचा रखवालदार पाहत होता, म्हणून मी पाया पडलो नाही. जेवलात का, हेही रिक्षा निघाल्यावर आठवलं. त्यांनी रिक्षातून हात जोडले. मला की हॉटेलला, ते कळलं नाही.

संध्याकाळी पाहुणे जमले. पिंपांना बाबांचा दोर गुंडाळलेला, दिव्यांत सोन्यासारखा दिसत होता. पिंपातल्या टकिलाची पाळी आली तेव्हा मी नेहमीचे शब्द सोडले. मी सांगितलं की वाशिमकडे एक दोर वळणारा कारागीर आहे, त्याचं घर एकदा जळलं, त्यानं जळके वासे पुन्हा छपराला घातले, आणि पावसात त्या वाशांचा जो वास येतो तो या ग्लासाच्या तळाशी आहे. मग प्रत्येकानं ग्लास नाकाशी नेला. टाळ्या वाजल्या. एका बाईंनी डोळे पुसले. त्यांनी विचारलं, तो माणूस कुठं असतो? मी म्हणालो, गावी.

त्या गोष्टीनं माझं भलं झालं. कंपनीनं मला मुंबईला बोलावलं, गोव्याला नेलं. प्रत्येक ठिकाणी तीच गोष्ट हवी असायची. माझ्या आवाजात कुठे थांबायचं, कुठे हलकं बोलायचं, हे बसत गेलं. मी ती अकरा वेळा सांगितली. अकराही वेळा 'एक कारागीर' असंच म्हणालो. बाराव्यांदा सांगायच्या आदल्या दिवशी मी नीरज सरांच्या केबिनमध्ये गेलो आणि तो कारागीर माझा बाप आहे हे सांगून टाकलं. मला वाटलं होतं, ते चिडतील, निदान गप्प होतील. त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, अरे, मग हे आधी का नाही सांगितलंस, उद्यापासून असंच सांग, लोक रडतील. त्या दिवसापासून मी ती गोष्ट बारमध्ये सांगितलेली नाही. खोटं बोलणं जमलं होतं, पण खऱ्याचे दाम यायला लागले तेव्हा बोलणं जमेना.

घरी मात्र काहीच झालं नव्हतं. बाबांनी मायला सांगितलं होतं की पोराचं हॉटेल लय मोठं आहे, जमिनीवर गादी अंथरल्यासारखं मऊ आहे, आणि सगळे त्याला मान देतात. मायनं फोनवर मला एकच विचारलं होतं, "तू जेवू घातलं ना त्याले?" आणि लगेच तीच म्हणाली की बाबा सांगत होते, लय जेवलो म्हणून.

यंदा मी पोळ्याच्या आठ दिवस आधी रजा काढून गेलो. घरावर आता पत्रे आहेत, वासे केव्हाच सरपणाला गेले. बाबा नाल्यावर होते. गुडघाभर पाण्यात उभे राहून वाख धूत होते. आता गिऱ्हाईक थोडं आहे, नायलॉनचा कासरा स्वस्त पडतो आणि बैलही उरले नाहीत. पण पोळ्याला वाखाचंच दावं पाहिजे म्हणणारी काही घरं अजून आहेत. मी पॅन्ट दुमडून पाण्यात उतरलो. वास आला. तोच, जुना. आम्ही बराच वेळ समोरासमोर पानं बडवत राहिलो. मग मी बोललो. सगळं बोललो, गेट, साहेब, संध्याकाळ, अकरा वेळा. बाबांचे हात थांबले नाहीत.

"मले तवाच समजलं होतं," ते म्हणाले. "तुही नवकरी हाय."

मी म्हणालो, तुम्ही मला साहेब म्हणालात. त्यांनी हातातला वाख पिळला, झटकला, खांद्यावर टाकला.

"जीभ नाई अडली माही. जल्मभर तेच म्हनून राह्यलो सगळ्यायले. पण तुले आयकताना कसं लागलं असन, तोच इचार करत गेलो गाडीत."

मला वाटलं होतं ते रागावतील, आणि त्यांच्या रागाखाली मला थोडं लपता येईल. ती सोयही त्यांनी ठेवली नाही.

दोन दिवसांनी अनसिंगच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर बसलो. पोत्यावर दावी, कासरे, वेसणी मांडलेल्या. खाज सुटलेले हात मी मांडीखाली दाबून बसलो होतो. दुपारी एक ओळखीचा शेतकरी आला. दोराला दोन्ही हातांनी ताण देऊन पाहत त्यानं माझ्या चांगल्या कपड्यांकडे नजर टाकली आणि बाबांना विचारलं, "हा कोन हाय बुवा सोबत?"

साधा प्रश्न. गावचा माणूस या प्रश्नाला विचार न करता उत्तर देतो. बाबांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर त्यांच्याजवळ होतं, पण ते देऊ का, असं ते मला डोळ्यांनी विचारत होते.

मी तोंड उघडलं. मला नेमका किती वेळ लागला ते सांगता येणार नाही, एक श्वास असेल. तेवढ्यात त्यांनी मान खाली घातली आणि शेतकऱ्याच्या हातातला दोर घेऊन गुंडाळायला सुरुवात केली.

"त्यायचा पोरगा हाय मी," मी म्हणालो. शेतकरी बरं म्हणाला. बाबा खाली पाहूनच दोर गुंडाळत राहिले.